सातविणीखालची हाडं

चिमा मागल्या दारी बाळाची दुपटी वाळत घालायला गेली, आणि दोरीखालीच तिला सापाचा सांगाडा दिसला. मानेपासून शेपटीपर्यंतचे मणके एकाला एक लागलेले, त्यांना सुकत आलेलं थोडं मांस चिकटलेलं. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. चिमाने ओलं दुपटं तोंडावर दाबलं आणि आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहिलं. दारात तिची सासू गंगुबाई उभी होती.  ती घाईघाईने म्हणाली,

"कोंबडीची हाडां आसतील गो. कुत्रां आनतां कुठनं तरी. तू जा आत, मी टाकतंय."

कोंबडीची! चिमा देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत वाढलेली. कोंबडी आणि साप यांतला फरक तिला कळणार नाही असं समजायला सासू काही खुळी नव्हती. मग ती खोटं का बोलली? चिमाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि त्या दिवसापासून ती गप्प बसायला तयार होईना.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. चिमाचा नवरा आत्माराम आगबोटीवर खलाशी होता. पाऊस तोंडावर आला की घरी यायचा आणि नारळीपौर्णिमा झाली की पुन्हा जायचा. गेल्या वर्षी तेवढा संक्रांतीलाही रजा घेऊन महिनाभर राहून गेला होता. चिमाचे वडील आणि आत्मारामचा चुलता मुंबईला गोदीत कामाला होते आणि एकाच खोलीत राहायचे. तिथेच भाकरी खाताखाता दोघांनी ही सोयरीक जुळवली आणि डोंगरातली पोर समुद्राच्या काठी, नाटे गावात येऊन पडली. पोरीला समुद्र मानवेल का, हे विचारायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. पुरुषांनी जुळवलेल्या सोयरिकीत असल्या गोष्टी राहूनच जातात.

आणि तो तिला मानवला नाहीच. लग्न होऊन आठवडा झाला असेल नसेल, बायकांबरोबर ती रापण ओढलेली बघायला किनाऱ्यावर गेली. जाळं वाळूवर आलं, मासळी उसळली, आणि तिच्यातून एक पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा साप चिमाच्या पायावरून सरकला. ती ओरडत जी पळत सुटली ती थेट घरात येऊन कोनाड्याला चिकटली. दोन दिवस तिच्या तोंडात पाणी गेलं नाही. "मना माज्या घरी पोचवा," एवढंच बोलत होती. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गंगुबाई तेवढी हसली नव्हती. उलट हसणाऱ्यांना तिने झापलं होतं. पण ते चिमाच्या आता ध्यानात नव्हतं.

तिच्या ध्यानात होतं ते वेगळंच. पहिली मुलगी याच घरात झाली आणि पाचवी पुजायच्या आधीच गेली. गंगुबाई वाडीची सुईण. तिच्या हातावर मुलगी जन्मली आणि तिच्याच मांडीवर गेली. तेव्हा चिमा नुसती रडली होती, कुणावर बोट ठेवावं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आता पाळण्यात मुलगा होता. बाळा. चार महिन्यांचा, गुबगुबीत, हाताची मूठ तोंडात घालून दिवसभर कुणाशी तरी भांडत असल्यासारखा. आणि मागल्या दारी सापाची हाडं पडत होती. डोंगरातल्या तिच्या वाडीत बाळंतिणीच्या घरामागे हाडं दिसली तर त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नसे. करणी, आणि तीही घरातल्याच माणसाची.

चिमा मग डोळ्यांत तेल घालून बघू लागली. बघणाऱ्याला दिसतंच. एकदा झुंजुमुंजू झालं असताना तिने खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर सासू मागल्या अंगणात वाकून काहीतरी वेचत होती. वेचलेलं पदरात घेत होती आणि मधूनच घराकडे नजर टाकत होती. मग अंगणाच्या दगडी गडग्याजवळ जाऊन तिने ते माडाच्या आळ्यात पुरलं, हात धुतले आणि आत येऊन चूल पेटवली.

"काय करत व्हतांव, आये?" चिमाने भाकरी थापताथापता विचारलं.

"काय नाय गो. पातेरा गोळा करत व्हतंय."

पातेरा म्हणजे पडलेला पाला. आणि पाला कुणी पुरत नाही, जाळतात.  चिमाने भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली.

मागल्या गडग्याला लागून एक सातवीण होती. जुनी, दाट, घराच्या दुप्पट उंच, आणि तिच्या फांद्या अंगणावर आलेल्या. सासूने दिवाळीनंतर तिला बजावून ठेवलं होतं, सातविणीखाली जायचं नाही, बाळाला तर मुळीच न्यायचं नाही. का, ते सांगितलं नाही. चिमानेही विचारलं नाही, कारण तिच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. तिच्या माहेरी सातविणीकडे मान वर करून बघायची पद्धतच नव्हती. बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होऊन सातविणीवर बसते आणि ओल्या बाळंतिणीची तिच्याशी नजरानजर झाली तर अंगावरचं दूध आटतं, असं तिच्या आजीपासून सगळ्या बायका मानत आलेल्या. त्यामुळे त्या झाडावरून कधी कर्कश ओरडणं ऐकू आलं, पानांत मोठी सळसळ झाली, तरी चिमा खाली मान घालून, बाळाचं डोकं पदराने झाकून आत पळायची. ती खाली बघायची, आणि खाली हाडं असायची.

विहिरीवर तर आणखीच कमाल. ती घागर घेऊन पोचली की बायकांचं बोलणं कापल्यासारखं थांबायचं. शेजारची दमयंती मोठी बोलघेवडी. एरवी तिच्या तोंडाला खळ नसायचा, पण तीसुद्धा एकदम रहाटाकडे बघू लागायची. एकदा "परत पडलां काय गो तुमच्यात?" असं कुणीतरी म्हणालं आणि दुसरीने तिला कोपराने ढोसलं. म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक होतं! एकट्या चिमाला ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं.

शेवटी धीर करून तिने दमयंतीला आडून विचारलं, "आमच्या आयेला कायतरी येतां काय हो, काकी?"

दमयंती हसली. "तुज्या सासूला काय येत नाय ता इचार. तू नको काळजी करूस. ती सगळां बगता."

याहून स्पष्ट काय हवं?  देवरुखच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीवानाबरोबर तिने भावाला निरोप धाडला, असशील तसा ये.

काशीराम आला. अंगाने दांडगा, मनाने भाबडा आणि बहिणीवर जीव टाकणारा. येताना माहेरच्या वाडीच्या भगताकडून अंगारा आणि काळा दोरा घेऊन आला होता. गंगुबाईने त्याला सुरमई तळून घातली. त्याने ती पोटभर खाल्ली आणि हात धुऊन बहिणीला मागल्या पडवीत नेऊन सांगितलं,

"भगत बोल्ला, घरातलाच हात हाय. म्हातारीला पोराला शिवू द्यायचा नाय. मी हाय शिमग्यापत्तूर. बगू काय करता ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगुबाई नेहमीसारखी न्हाणीच्या दगडाशी पाय पसरून बसली. वाटीत खोबरेल कोमट केलेलं, शेजारी डाळीच्या पिठाचं भांडं. बाळा जन्मल्यापासून रोज तीच त्याला न्हाऊ घालायची. पायांवर उताणा घेऊन, कुणाला न कळणारं काहीतरी पुटपुटत, बोटाबोटाला तेल जिरवत. तिच्या दिवसाची सुरुवात तीच होती.

"आन गो त्येला," ती म्हणाली.

"मी घालतंय आजपासून," चिमा म्हणाली.

गंगुबाईने वर पाहिलं. सुनेच्या हातात बाळ, बाळाच्या दंडाला काळा दोरा आणि मागे भिंतीसारखा उभा भाऊ.  तिने पाय आखडून घेतले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गोठ्यात गेली. वाटीतलं तेल तिथेच निवलं. चिमाला जरा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पहिल्या मुलीची आठवण आली आणि तिने मन घट्ट केलं.

आता एक सांगायला हवं. गंगुबाई न्हाणं झालं की बाळाला पुढच्या अंगणात कोवळ्या उन्हात निजवायची. चिमाला पुढचं अंगण नको होतं, कारण ते सासूच्या खोलीच्या दारातच होतं. तिने गोधडी मागल्या अंगणात टाकली. सातवीण होती तिकडे, पण गोधडी तिने फांद्यांपासून लांब घातली, भोवती अंगाऱ्याचं रिंगण काढलं आणि काशीरामला राखणीला बसवलं. गंगुबाईने ते पाहिलं मात्र, तिचा चेहरा उतरला.

"चिमे, मागं नको निजवूस त्येला. ऐक माजां. पुडं आन."

"का?"

सासूचे ओठ हलले. ती काहीतरी सांगणार असं वाटलं, आणि पुन्हा तोंडाला कुलूप. "नको म्हनतंय ना. ऊन चांगलां आसतां पुडं."

चिमाने बाळाची गोधडी आणखी हातभर लांब सरकवली. तिथे ऊन मागेपुढे सारखंच होतं. आंधळ्यालाही कळलं असतं की गोष्ट उन्हाची नव्हती. तीन-चार दिवस असेच गेले. बाळ मागल्या अंगणात, काशीराम त्याच्याजवळ आणि म्हातारी काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघराच्या दारात उभी. चिमाला वाटायचं, ही संधी शोधतेय.

मग तो दिवस आला. चिमा विहिरीवर गेली होती. काशीरामला विडी ओढायची लहर आली. बाळाजवळ धूर नको एवढी अक्कल त्याला होती, म्हणून तो घराच्या कोपऱ्यापलीकडे गेला. चिमा भरली घागर कमरेवर घेऊन गडग्यातल्या वाटेने आत आली.

बाळाच्या गोधडीवर गंगुबाई ओणवी झाली होती. पदर गुंडाळलेल्या उजव्या मुठीत तिने एक जिवंत साप धरला होता. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, जाडजूड. त्याची चपटी शेपटी बाळाच्या पोटावर आपटत होती आणि बाळ खुशीत हातपाय उडवत होतं.

घागर फुटली. चिमा कशी धावली तिला कळलं नाही. तिने बाळाला हिसकावून छातीशी धरलं आणि असं ओरडली की अर्धी वाडी गडग्याशी गोळा झाली.

"चेटकीन! पयली माजी तूच खाल्लंस! आता ह्येला खायला निगालंस काय? बगा, बगा समद्यांनी, हातात धरलान हाय तिनां!"

काशीराम विडी टाकून दांडका घेऊनच आला. दमयंती आली, तिच्यामागून आणखी बायका आल्या, आणि सर्वांत मागून जुन्या गलबतांवरचा म्हातारा रावजी तांडेल काठी टेकत आला. गंगुबाई उभी राहिली होती. हातातला साप तिने सोडला नव्हता. ती सुनेकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते चिमाला तेव्हा वाचता आलं नाही.

तेवढ्यात अंगणावरून एक मोठी सावली फिरली. पाठोपाठ तेच कर्कश ओरडणं, अगदी डोक्यावर. चिमाने सवयीने मान खाली घातली आणि बाळावर पदर ओढला.

"आगो, वर बग," रावजी म्हणाला.

"नाय!"

"बग म्हनतंय ना! काय खात नाय तुला."

सगळी माणसं वर बघत होती. काशीरामसुद्धा, तोंड उघडं टाकून. चिमाने डोळे बारीक करून मान वर केली. सातविणीच्या शेंड्याजवळ फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांचा बैलगाडीएवढा ढीग रचलेला होता. त्याच्या कडेवर एक करडं पिल्लू मान ताणून आ वासत होतं. आणि वर पांढऱ्या पोटाचा, राखी पंखांचा प्रचंड पक्षी रिकाम्या नख्या लोंबकळत घिरट्या घालत होता. त्याच्या तोंडचा घास खाली म्हातारीच्या मुठीत होता.

"काकन हाय तो, दर्यावरचा गरूड," रावजी म्हणाला. "दर्यातलं साप धरून आनतो नि पोरांला भरवतो. हाडां खाली टाकतो. कदी जिता साप नख्यांतनं सुटतो. माज्या आज्यापासनं किल्ल्याखालच्या वडावर व्हतां त्यांचां घरटां. राजापूरचा माल घेऊन शिडाचं पडाव यायचं ना, तवा तांडेल त्या वडावर नजर ठेवून खाडीत शिरायचा. गेल्या आषाढात वादळानां वड पाडलान नि जोडी हितं आली तुमच्या सातविनीवर. नाट्यातल्या शेंबड्या पोराला ठाव हाय."

"मंग मना कुनी सांगितलां का नाय?" चिमा कशीबशी बोलली.

दमयंती पुढे झाली. एरवीची तिची थट्टा पार गळून गेली होती. "कोन सांगनार? तुज्या सासूनां शपथ घातलान व्हती आमाला. चिमेसमोर सापाचां नाव काडू नका, डोंगरातली पोर हाय, भ्याली तर पोराला घेऊन म्हायेरी जायेल नि परत यायची नाय. रोज तू उठायच्या आदी हाडां येचायची ती. आमी विहिरीवर गप ऱ्हायचो ता येच्यासाठी."

कुणीतरी हसायला सुरुवात केली, कारण आता हसण्यासारखंच होतं सगळं. दोघी-तिघी त्यात सामील झाल्या. मग एकेकीला आठवलं की थोड्या वेळापूर्वी या अंगणात काय बोललं गेलं होतं, आणि हसू विरलं. गंगुबाईने गडग्याच्या दगडावर साप आपटून मारला आणि पलीकडे टाकला. काकणाने झेप घेऊन तो उचलला की नाही ते कुणी पाहिलं नाही. गंगुबाई हात धुवायला न्हाणीकडे गेली, आणि बायका एकेक करून निघून गेल्या.

चिमा तिच्या मागोमाग गेली. बाळासकट तिच्या पायांवर वाकली. रडत रडत काय काय बोलली, माझं चुकलं, माझ्या जिभेला हाड नाही, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तिला खरोखर जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"ऱ्हव दे," गंगुबाई म्हणाली. "माजांच चुकलां. सांगाया पायजे व्हतां." थोडं थांबून ती म्हणाली, "पयलीला म्या लय सांबाळलां गो. तिला दमच नव्हता."

चिमाने एका हाताने तांब्या उचलून सासूच्या हातांवर पाणी घातलं.

काशीरामने जायच्या आधी सातवीण तोडून देतो म्हणून कुऱ्हाड मागितली, आणि रावजीकडून अशा शिव्या खाल्ल्या की शिमग्याची वाट न बघता तो त्याच दुपारी निघाला. भगताचा दोरा चिमाने सुरीने कापून चुलीत घातला. दुसऱ्या सकाळी तिने आपल्या हाताने खोबरेल कोमट केलं, वाटी न्हाणीच्या दगडाशी ठेवली आणि बाळाला सासूपुढे धरलं.

"घ्या, आये."

गंगुबाईने पाय पसरले. पण हात पुढे केले नाहीत. "तू बस हितां," ती म्हणाली. "समोर बस. मंग घेतंय."

चिमा समोर बसली. तेव्हा गंगुबाईने बाळाला पायांवर घेतलं, आणि न्हाणं होईपर्यंत चिमाला उठू दिलं नाही. मध्येच दूध उतू जाऊ लागलं तर स्वतःच बाळाला चिमाच्या हातात देऊन म्हणाली, "ह्येला घेऊन जा, उतरव, नि ये." पुटपुटणं मात्र बंद झालं होतं. वाडीत कुणी विचारलं तर ती चिमाचं कौतुकच करायची. राग धरला असता तर बरं झालं असतं, चिमाला वाटायचं. रागावलेल्या माणसाला समजावता तरी येतं.

चैत्र लागला. काकणाचं पिल्लू फांदीवर उभं राहून पंख झाडू लागलं. चिमा आता मान वर करून ते बघायची, हाडं दिसली तर स्वतः उचलायची. एका दुपारी ती विहिरीवर असताना तिला बाळाचं रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हतं, श्वास अडकेपर्यंतचं. ती घागर तिथेच टाकून पळत सुटली. वाटेत सासूच्या हाका ऐकू येऊ लागल्या, घाबऱ्याघुबऱ्या, एकामागून एक.

"चिमे! ये गो! चिमे, लवकर ये!"

ती दारातून आत शिरली. बाळ पाळण्यातून खाली घसरून दुपट्यात पाय अडकून उलटं लोंबत होतं आणि रडून लालबुंद झालं होतं. पाळण्याशेजारी गंगुबाई जमिनीवर बसली होती. बाळाचं डोकं आपटू नये म्हणून तिने आपली मांडी खाली सरकवली होती. हात मात्र तिने स्वतःच्या पाठीमागे धरले होते, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आये! उचला ना त्येला!"

"उचलतंय," गंगुबाई म्हणाली आणि लगेच दोन्ही हात पुढे केले. "उचलतंय आता. तू आलंस ना."